परिच्छेद लिहिण्याआधी : विषय कसा निवडायचा, मुद्दे कसे ठरवायचे



पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी चौथीच्या वर्गाला परिच्छेद लिहायला दिला होता. विषय होता ‘समुद्रकिनाऱ्यावरची सहल’. कुठल्याशा जुन्या निबंधमालेत तो सापडला, सोपा वाटला, मी फळ्यावर लिहिला आणि मुलं लिहीत होती तोवर हजेरीपटाचं काम उरकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला बसले. सत्तावीस वह्या होत्या आणि त्यातल्या एकोणीस वह्यांमध्ये ‘फेसाळणाऱ्या लाटा’ आणि ‘मऊ मऊ वाळू’. म्हणजे गाईड. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी दोन ओळींवर सोडून दिलं होतं. एका मुलाने मात्र स्वतःच्या मनाने लिहिलं होतं की समुद्राचं पाणी थंडगार आणि गोड होतं, आम्ही सगळे ओंजळीने पोटभर प्यालो.

मी हसले. लाल पेनने ‘गोड’ या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला ‘चूक’ असं लिहिलं. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांनाही ते वाचून दाखवलं, तेही हसले.

घरी गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आमचा केळापूर तालुका म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. पलीकडे तेलंगण. मुंबई इथून साताठशे किलोमीटर. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. त्या पोराने विहीर पाहिली होती, नाला पाहिला होता, एखाद वेळी पैनगंगा पाहिली असेल. त्याच्या ओळखीचं सगळं पाणी गोडच होतं. सत्तावीस मुलांमध्ये खरा विचार करून लिहिणारा तो एकटा होता आणि ‘चूक’ त्यालाच मिळाली. तो लाल गोल खरं तर फळ्यावरच्या माझ्या विषयाभोवती असायला हवा होता.

तेव्हापासून परिच्छेद लेखनात मी लिहिण्यापेक्षा लिहिण्याच्या आधीच्या वेळाकडे जास्त लक्ष द्यायला लागले. डी.एड.ला असताना आपण पाठ टाचण काढायला शिकलो. चाळीस मिनिटांच्या तासाला आपण उद्दिष्टं, साहित्य, प्रश्न सगळं आधी लिहून ठेवतो. मुलाला मात्र आपण विषय सांगतो आणि म्हणतो, ‘चला, लिहा.’ त्याचं टाचण कोण काढणार?

विषय म्हणजे नुसतं नाव नव्हे

आपण मुलांना जे विषय देतो, ते बहुतेक वेळा विषय नसतातच, मोठमोठ्या वस्तूंची नावं असतात. पावसाळा. माझी शाळा. माझी आई. दिवाळी. आठ-दहा ओळींत पावसाळा मावतो का? मावत नाही. म्हणून मूल काय करतं, तर सगळ्यांना माहीत असलेलं एकेक वाक्य गोळा करतं. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. बेडूक डराव डराव करतात. शेतकरी आनंदी होतो. (आमच्याकडे जूनमध्ये पेरलं आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचं संकट येतं. मग शेतकरी किती आनंदी असतो, ते मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तरी ती ‘आनंदी होतो’ असंच लिहितात, कारण परिच्छेदात तसंच लिहायचं असतं असं त्यांना वाटतं.)

मी शिक्षक मैत्रिणींशी या विषयावर बोलते तेव्हा ‘श्यामची आई’चं उदाहरण देते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं. अख्खं पुस्तक आईवरच आहे. पण त्यातलं एकही प्रकरण ‘माझी आई’ या नावाचं नाही. प्रत्येक रात्रीला एक लहानसा प्रसंग आहे. ‘पत्रावळ’ हे एका प्रकरणाचं नाव, ‘मुकी फुले’ हे दुसऱ्याचं, ‘अळणी भाजी’ हे आणखी एक. भाजीत मीठ पडलं नाही, एवढ्याशा गोष्टीवर एक रात्र. गुरुजी स्वतः अंमळनेरला शिक्षक होते आणि त्यांचं हे पुस्तक सहावी-सातवीचं मूलही सहज वाचतं. इतक्या मोठ्या विषयाला हात घालताना त्यांनी तो असा मूठभर मूठभर करून घेतला. मग आपण नऊ वर्षांच्या लेकराला अख्खी आई आठ ओळींत लिहायला का सांगतो?

तर पहिलं काम हे की मोठ्या नावातून मुलाच्या मुठीत मावेल एवढा तुकडा काढणे. हे काम आपण करून द्यायचं नाही. मुलांनी करायचं, आपण फक्त प्रश्न विचारायचे. कसं ते एका खऱ्या तासावरून सांगते.

कापसाचा तास

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा होता. आमच्याकडे तेव्हा वेचणी जोरात असते आणि वर्गात हजेरी कमी असते. मी फळ्यावर मधोमध लिहिलं, ‘कापूस’. म्हटलं, सांगा काय काय आठवतं. दोन मिनिटांत फळा भरला. पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, बोंडअळी, वेचणी, गाठोडं, काटा, भाव, जिनिंग, सरकी, गादी, वाती. एकाने ‘कर्ज’ म्हटलं, तेही लिहिलं.

मग पहिला प्रश्न विचारला. यातलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय? जिनिंग, भाव वगैरे बरंच पुसलं गेलं. दुसरा प्रश्न विचारला की स्वतःच्या हाताने काय केलंय? वेचणी, गाठोडं आणि वाती एवढंच उरलं. मुलं रविवारी शेतात जातात, हे मला आवडतं असं नाही. पण ती जातात, हे खरं आहे आणि त्यांना त्यातलं कळतं, हेही खरं.

मी यवतमाळ शहरात वाढले, मला वेचणीतलं काही कळत नव्हतं. म्हणून सहज विचारलं, तुमच्या आया इतक्या पहाटे का जातात, थोडं ऊन पडल्यावर गेलं तर नाही का चालणार? तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, सकाळून पाला वला रायते, मंग तो कापसाले नाही चिपकत. ऊन तापलं का त्याचा चुरा होते.” कृषी विभागाचे लोक हेच सांगतात की वेचणी सकाळच्या वेळी करावी म्हणजे कापसात काडीकचरा कमी येतो. या मुलीने वर्षभरात परिच्छेदाच्या वहीत कधी चार ओळींच्या वर लिहिलं नव्हतं. मी तिला लेखनात कच्ची धरली होती. तिला माहीत असलेल्या जगातला विषय मी कधी दिलाच नव्हता.

तिने विषय निवडला ‘काटा’. म्हणजे संध्याकाळी वेचलेला कापूस मोजतात तो काटा. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून दिवसाचा हिशेब त्या काट्यावर होतो. मी तिला पाटी दिली आणि म्हटलं, काट्याबद्दल जे आठवेल ते एकेका शब्दात लिही, वाक्य नको. तिने लिहिलं : पहाट, डबा, शेत दूर, बोटं, मोर, बायका हसतात, काटा, आई गप्प, किलोचे पैसे, दादाचा मोबाईल.

दहा मुद्दे झाले. आता सगळ्यात अवघड काम होतं. मी म्हटलं, समजा पुण्याच्या एका मुलीला तुला हे सांगायचंय. तिने कापसाचं झाड पाहिलेलं नाही. तिने एकच गोष्ट लक्षात ठेवावी, तर कोणती? तिने बराच वेळ घेतला. मी घाई केली नाही (ही सवय लावून घ्यायला मला दोन वर्षं लागली). मग ती म्हणाली, “काट्याच्या वक्ती आई बोलत नाही.”

हे झालं तिचं मुख्य वाक्य. ते पाटीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. आता एकेका मुद्द्याला विचारायचं, तू या वाक्याच्या कामाचा आहेस का? ‘शेत दूर’ गेलं. ‘डबा’ गेला. ‘दादाचा मोबाईल’ गेला. ‘मोर’ काढायला मात्र ती तयार होईना. मोर तिने खरंच पाहिला होता, पिसारा फुलवलेला. मी म्हटलं, मोर फेकायचा नाही, वेगळा ठेवायचा. एका चिठ्ठीवर ‘मोर’ लिहून ती चिठ्ठी आम्ही बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकली. पुढच्या वेळी त्याच्यावर लिही. तेव्हा कुठे तिने पाटीवरून मोर पुसला. तो डबा आजही वर्गात आहे, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

उरलेल्या मुद्द्यांना तिने क्रम दिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा सरळ क्रम होता, तोच घेतला. लहान मुलांना वेळेचा क्रम सगळ्यात सोपा जातो. त्यानंतर तिने वहीत लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या आहेत, बाकी वाक्यं तिचीच आहेत :

“रविवारी मी आईसोबत कापूस वेचायला जाते. आम्ही पहाटे निघतो. बोंडाची टोकं बोटाला लागतात. आई दिवसभर बायकांशी बोलते आणि हसते. संध्याकाळी मालकाच्या घरी काटा होतो. आमचं गाठोडं काट्यावर ठेवलं की आई गप्प होते. किलोवर पैसे असतात म्हणून ती काट्याकडेच पाहते. त्या दिवशी बेचाळीस किलो भरले. मग आई माझ्याकडे पाहून हसली.”

नऊ वाक्यं. ‘आई माझ्यासाठी खूप कष्ट करते’ हे गाईडमधलं वाक्य यात कुठेच नाही. त्याची गरजच पडली नाही.

पाटी का, वही का नाही

बऱ्याच जणांनी मला विचारलं की मुद्दे वहीतच का काढून घेत नाही. कारण वहीत लिहिलेलं खोडायला मुलांना भीती वाटते. वही स्वच्छ ठेवा म्हणून आपणच सारखे मागे लागलेलो असतो. पाटीवरचं पुसायला काही वाटत नाही. आणि योजना म्हणजे निम्मं पुसणंच असतं. जुन्या पाट्या बहुतेक शाळांच्या कपाटात पडून आहेत, त्या काढा. नसतील तर रद्दी कागदाची मागची बाजू चालते.

वेळेचं म्हणाल तर दहा मिनिटं बोलणं, पाच-सात मिनिटं पाटी, उरलेल्या वेळात लिहिणं. सुरुवातीला तास पुरत नाही. मी पहिले दोन महिने एका दिवशी फक्त बोलणं आणि पाटी घेत होते आणि लिहिणं दुसऱ्या दिवशी. त्यात एक गंमत लक्षात आली की मधल्या रात्रीत मुलं घरी विचारून आणखी काहीतरी घेऊन येतात.

बोलण्याचा भाग जोडीने करायचा. एकाने दोन मिनिटं आपल्या विषयाबद्दल सांगायचं, दुसऱ्याने ऐकून प्रश्न विचारायचे. कुठे? केव्हा? मग काय झालं? दोन मिनिटं बोलता आलं नाही, तर विषय फार लहान आहे किंवा आपला नाही. एका मुलाने ‘माझी पेन्सिल’ घेतलं आणि दोन वाक्यांत संपलं. तिसरं वाक्य येईना. मीच त्याला ‘लहान विषय घे’ म्हणून सांगितलं होतं! लहान म्हणजे वस्तू लहान असं नव्हे, तिच्याबरोबर काहीतरी घडलेलं असायला हवं. त्याने विषय बदलला आणि ‘पेन्सिल हरवली तो दिवस’ घेतला. मग सात वाक्यं झाली. आणि ऐकणाऱ्याला एकही प्रश्न पडला नाही, तर तोही इशारा समजायचा. सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच मूल सांगतंय.

ज्यांची घरची भाषा मराठी नाही

आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. (बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड.) कोलामी ही भाषा मराठीच्या घरातली नाही, ती द्राविडी कुळातली आहे. म्हणजे त्या घरातलं मूल पहिलीत येतं, तेव्हा मराठी त्याच्यासाठी नवी भाषा असते. आपण त्याच्या गप्प बसण्याला ‘काहीच येत नाही’ असं म्हणून मोकळे होतो.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. जोडीने बोलताना तो नुसता बसून राहायचा. एकदा मी त्याला त्याच्या चुलत भावासोबत बसवलं आणि म्हटलं, तुमच्या भाषेत बोला. दोघं इतके बोलायला लागले की मला ‘हळू’ म्हणावं लागलं. मग पाटीवर शब्दांच्या जागी चित्रं काढायला सांगितली. त्याने चार चित्रं काढली. एक झाड, झाडाखाली झाडू मारणारी बाई, खाली पडलेली फुलं, टोपली. मोह वेचायला जाण्याची गोष्ट होती ती. फुलं पडायच्या आधी झाडाखालची जागा साफ करावी लागते, इथपासून त्याच्याकडे मुद्दे होते. चित्रांचा क्रमही बरोबर होता. म्हणजे योजना पूर्ण झालेली होती, फक्त मराठी शब्द कमी पडत होते. ते त्याने एकेक करून मला विचारले. मी पाटीवर चित्राच्या खाली लिहून दिले आणि त्याने पाच वाक्यं लिहिली. पाचच, पण त्याची पहिली.

यावरून मला एवढं कळलं की विचार करणं आणि मराठीत लिहिणं ही दोन कामं आहेत. दोन्ही एकाच वेळी मागितली की मूल अडतं. आधी हवं त्या भाषेत ठरवू दे, मग लिहू दे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. पाटीवर ‘वला पाला’ चालेल, वहीत ‘ओला पाला’ करू.

‘माझे बाबा’

हे लिहू की नको असा विचार बरेच दिवस चालला होता. पण योग्य विषय याचा अर्थ मला यामुळेच कळला, म्हणून लिहिते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गाला ‘माझे बाबा’ हा विषय दिला होता. सगळ्यांना बाबा असतात, म्हणजे सगळ्यांना लिहिता येईल, असा साधा हिशेब. एका मुलीने त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. मी म्हटलं, उद्या घरून लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने आणलं. ‘माझे बाबा रोज सकाळी ऑफिसला जातात. ते मला चॉकलेट आणतात.’ गाईडमधून जसंच्या तसं.

तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. आपला जिल्हा कशासाठी बातम्यांत येतो, ते मी वेगळं सांगायला नको. मला हे माहीत होतं. पटावर तिच्या नावापुढे आईचं नाव पालक म्हणून मीच लिहिलं होतं. तरी फळ्यावर विषय लिहिताना ते माझ्या मनात आलं नाही.

त्या वहीवर मी काय शेरा देणार होते? दिलाच नाही. वही तशीच परत केली आणि संध्याकाळभर स्वतःवर चिडत राहिले. नंतर काही दिवसांनी वर्गाला दुसरा विषय दिला, ‘आमच्या घरातली एक जुनी वस्तू’. त्या मुलीने आजीच्या पानसुपारीच्या चंचीवर लिहिलं. चंचीला किती कप्पे आहेत, चुन्याची डबी कुठल्या कप्प्यात असते, आजी झोपली की ती हळूच सुपारी कशी काढते. शेवटच्या ओळीत होतं की ही चंची बाबांनी जत्रेतून आणली होती. केळापूरच्या जगदंबेच्या जत्रेतून. म्हणजे बाबा आले, पण तिला हवे तेव्हा आणि तिला हवे तेवढे.

तेव्हापासून मी एक पाळते. कुठलाही विषय फळ्यावर लिहिण्याआधी पट डोळ्यांसमोर आणते आणि एकेका नावाला विचारते, हा विषय या लेकराला कुठे टोचेल का? ‘माझे बाबा’ देत नाही, ‘मला आवडणारं घरातलं एक माणूस’ देते. ‘माझा वाढदिवस’ देत नाही. ‘आमचं घर’ देतानाही दहादा विचार करते. आणि निदान दोन विषय समोर ठेवते, म्हणजे नको असलेल्या विषयाच्या बाजूने मुलाला गुपचूप निघून जाता येतं. त्याला कारण सांगावं लागत नाही.

याचा अर्थ दुःखाचे विषय नकोतच, असा नाही. २०१८ मध्ये पांढरकवडा आणि राळेगाव भागात वाघिणीची दहशत होती. त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, तोवर माणसं शेतात जायला घाबरत होती. त्या दिवाळीच्या आसपास वर्गातल्या प्रत्येकाला वाघावरच लिहायचं होतं. मी लिहू दिलं. पण आधी पाटीवर दोन खाने पाडून घेतले, ‘मी पाहिलं’ आणि ‘मी ऐकलं’. वाघ कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे पहिला खाना रिकामा राहील असं मुलांना वाटलं. मग विचारलं, घरात काय बदललं? तो खाना भरला. बाबा जागलीला एकटे जात नाहीत. आम्ही पाच वाजताच घरी येतो. आजीने बकऱ्या आत बांधल्या. ‘वाघ जंगलाचा राजा आहे’ हे वाक्य त्या दिवशी कोणीच लिहिलं नाही. वाघाला मारायला हवं होतं की नको, यावर वर्गात भांडणही झालं. ते मी होऊ दिलं.

मग परीक्षेत काय?

हा प्रश्न पालक विचारतात आणि शिक्षकही विचारतात. संकलित चाचणीत ‘माझी शाळा’ असाच विषय येतो, तिथे मुलांना निवड कुठे असते?

असते. नाव त्यांचं, तुकडा आपला. ‘माझी शाळा’ आलं, तर पहिल्या वाक्यात शाळेचं नाव-गाव सांगायचं आणि दुसऱ्या वाक्यापासून शाळेतल्या एकाच जागेवर जायचं. हापसा, कडुनिंब, घंटा, खिचडी शिजते ती खोली. माझ्या वर्गातली मुलं आता परीक्षेच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने पाच-सहा शब्द लिहून घेतात आणि शेवटी खोडतात. प्रश्नातच मुद्दे दिलेले असले, तर ते सगळे यायलाच हवेत, नाहीतर गुण जातात. तेव्हा मी सांगते, प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य द्या आणि त्यातला जो तुमचा आहे त्याला तीन द्या.

सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. पाठ केलेला निबंध घोटून लिहिणाऱ्या मुलाला कधी कधी जास्त गुण मिळतात, कारण त्याच्या ओळी जास्त असतात. अशा वेळी पालकांना उत्तर देणं मला जड जातं.

पालकांसाठी थोडंसं

तुमच्यापैकी काही जण म्हणतात, मॅडम, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार? या कामाला लिहिता-वाचता यायची गरजच नाही. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता लेकराला एवढंच विचारा, आज काय पाहिलं? त्याने ‘काही नाही’ म्हटलं, तर आधी तुम्ही तुमचं सांगा. आज बंडीचं चाक निसटलं, आज अमकी बाई वेचायला आली नव्हती. मग ते सांगेल. आणि सांगायला लागलं की मध्ये ‘मग?’ एवढंच म्हणा. त्याचा परिच्छेद तिथेच अर्धा तयार होतो.

एक विनंती मात्र हात जोडून. निबंधाचं पुस्तक विकत आणून देऊ नका. द्यायचंच असेल तर गोष्टीचं पुस्तक द्या.

आता त्या बिस्किटाच्या डब्याबद्दल. परिच्छेदातून काढलेला प्रत्येक मुद्दा चिठ्ठीवर जातो आणि चिठ्ठी डब्यात. कोणाला नवीन काही दिसलं तर तीही चिठ्ठी डब्यात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा डबा उघडतो आणि ज्याची चिठ्ठी त्याला परत देतो. ज्याला चिठ्ठी नको असेल, तो ती जमिनीवर मधोमध ठेवतो आणि दुसरं कोणी उचलू शकतं. गेल्या शनिवारी डब्यात सोळा चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या काही : तान्ह्या पोळ्यातला माझा लाकडी बैल. हापशाचा आवाज. ट्रकवाल्याने रस्ता विचारला. बहिणीचं दप्तर. रात्री लाइट गेली तेव्हा. काकाचा नवीन स्प्रे पंप. ‘मोर’ अजून डब्यातच आहे. ती मुलगी आता सहावीत, दुसऱ्या शाळेत आहे. जाताना मी तिला चिठ्ठी परत देत होते, तर म्हणाली, राहू द्या मॅडम, कोणाले लागली तर.